दोन तासांचं पत्रक

उद्धवरावांच्या पत्रकात रोज एकच आकडा असे: दोन. तारीख, वार, खेळाचं नाव आणि शेवटच्या रकान्यात 'दोन तास'. पहिली-दुसरीच्या मुलांना चौतीस वर्षं अक्षर गिरवायला लावलेल्या मास्तरांचा हात तो. एकही ओळ वरखाली गेलेली नाही, एकही खाडाखोड नाही. तोआ पायोहच्या मुलांच्या थेरपी सेंटरमधल्या मिस हाफिझाने ते पत्रक शेजारच्या खोलीत नेऊन दुसऱ्या थेरपिस्टांना दाखवलं होतं. सहा आठवडे, बेचाळीस ओळी.

त्यातल्या पहिल्या सात ओळी खऱ्या होत्या. उरलेल्या पस्तीस खोट्या.

जाई पाच वर्षांची. जन्माआधीच तिच्या मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा अडला होता, आणि तिच्या उजव्या हाताची मूठ तेव्हापासून मिटलेलीच राहिली. पायाचं थोडक्यात निभावलं, ती चालायची, किंचित लंगडत पळायचीसुद्धा. हात मात्र कोपरात दुमडून छातीशी धरलेला. सगळं काम डाव्याने. डाव्याने जेवण, डाव्याने चित्रं, डाव्याने लिफ्टचं बटण.

सप्टेंबरात हाफिझाने सहा आठवड्यांचा एक कार्यक्रम आखून दिला. चांगल्या, म्हणजे डाव्या हातात बोटांना वेगळे कप्पे नसलेला जाड हातमोजा घालायचा आणि खेळायला बसायचं. डावा अडला की उजव्याला हलावंच लागतं. नियम तीनच होते आणि ते तिने उद्धवरावांना दोनदा सांगितले. रोज दोन तास, त्याहून जास्त नाही. जेवताना मोजा नाही. ती नको म्हणाली की थांबायचं. बोलणं इंग्रजीत होई. उद्धवरावांचं शाळेत शिकलेलं, हाफिझाचं इथलं. समजत मात्र सगळं होतं. पुढे हेच महत्त्वाचं ठरलं.

घरी हे करणार कोण, हा प्रश्नच नव्हता. सौमित्र तांजोंग पगारच्या एका बँकेत सॉफ्टवेअर सांभाळायचा, सकाळी साडेसातला बाहेर. सून प्रणिता विद्यापीठातल्या लॅबमध्ये संशोधन करायची, तिची वेळ तिच्या उंदरांच्या हातात. दोघंही सातच्या आत घरी येत नसत, शनिवार-रविवारीसुद्धा बहुधा काम निघेच. उद्धवरावांची पत्नी जाऊन दोन वर्षं झाली होती. जूनमध्ये मुलाने दीर्घ मुक्कामाचा पास काढून त्यांना चिंचवडहून वुडलँड्सच्या फ्लॅटवर आणलं ते जाईसाठीच. बाराला तिची बालवाडी सुटे. बारा ते सात आजोबा आणि नात.

पहिल्या आठवड्यात त्यांनी घड्याळ लावून दोन तास केले. सातव्या दिवशी जाईने उजव्या मुठीत स्पंजचा एक तुकडा धरला, बादलीपर्यंत नेला आणि सोडला. उद्धवरावांनी संध्याकाळी तसं लिहिलं, आणि लिहिता लिहिता त्यांच्या मनात एक साधं त्रैराशिक मांडलं गेलं. दोन तासांत स्पंज, तर सहा तासांत काय?

त्या त्रैराशिकामागे आणखी एक गोष्ट होती. कार्यक्रम सुरू होण्याच्या आदल्याच आठवड्यात ते सगळे इथल्या मराठी लोकांच्या गणपतीला गेले होते. प्रसाद वाटणाऱ्या बाईंपुढे जाईने डावा हात केला. बाईंनी वाटी मागे घेतली. "अगं, उजवा पुढे कर बाळा. देवाचं आहे ना हे?"

"काकू, तिचा हाच हात चालतो," प्रणिता म्हणाली.

"असू दे, असू दे." बाई ओशाळल्या, मग सावरून उद्धवरावांकडे वळल्या. "आजोबा आहेत की आता. मास्तर ना तुम्ही? शिकवाल तिला."

"शिकवीन," उद्धवराव म्हणाले होते.

हे शिकवणं त्यांना नवं नव्हतं. त्यांच्या वर्गात आलेलं डावखुरं मूल दिवाळीपर्यंत उजव्याने लिहू लागे, अशी त्यांची शाळेत ख्याती होती. उपायही घरगुती. डाव्या मनगटाला रुमाल, रुमालाचं टोक बाकाच्या पट्टीला. मारणं नाही, ओरडणं नाही. आईबाप पेढे घेऊन भेटायला येत. हाफिझाने पहिल्या दिवशी मोजा दाखवला तेव्हा उद्धवरावांना वाटलं, समुद्र ओलांडून आलो, आणि इथे हे लोक माझंच काम करताहेत.

म्हणून आठव्या दिवशी दोनाचे चार झाले आणि दहाव्या दिवशी सहा. दुपारचं जेवणही मोजा घालूनच होऊ लागलं. जाई दातांनी मोजा ओढून काढायची, तेव्हा त्यांनी खिशातला रुमाल काढून मनगटाशी सैल गाठ मारली. वळ उठणार नाही अशी. गाठ मारताना ती मुकाट हात पुढे करायची. हा आजोबांचा होमवर्क आहे असं तिने मनाशी धरलं होतं.

"आजोबा, इनफ ला," ती तासाभराने इथल्या मुलांच्या बोलीत म्हणायची.

"झालंच. थोडंच राहिलं."

पावणेसातला रुमाल सुटायचा, मोजा ड्रॉवरमध्ये जायचा. आईबाबांना सांगू नकोस, असं त्यांनी तिला एकदाही सांगितलं नाही. त्याची गरज पडली नाही.

तिसऱ्या आठवड्यात उजवा हात थकला असावा. चौथ्यात त्याने काम सोडलं. जाई खेळायला बसली की तो मांडीखाली दाबून ठेवायची, जणू थंडी वाजतेय. जेवायला सव्वा तास लागू लागला. भाताची शितं ताटाबाहेर, शेवटी उद्धवरावच भरवत. आजोबांच्या हातून जेवताना ती भिंतीकडे बघायची.

"बाबा, हात कमीच वापरतेय असं नाही वाटत?" एका रविवारी रात्री सौमित्रने विचारलं.

"मुलं मध्येच अडतात. मग सुटतात. आयुष्यभर तेच बघितलंय."

"वेळ जास्त होत नाही ना?"

"पत्रक आहे की भिंतीवर. वाच."

सौमित्र हसला. "तुमच्या पत्रकावर कोण शंका घेणार? दुसरीत माझ्या प्रगतिपुस्तकात तुम्हीच 'बरा' असा शेरा मारला होतात. पोटच्या पोराला!"

"बराच होतास," उद्धवराव म्हणाले, आणि विषय तिथे संपला.

सहा आठवड्यांनंतरची तपासणी मंगळवारी होती. प्रणिताने अर्धी रजा टाकली. तिघं तोआ पायोहला उतरली, तेव्हा जाई आईचं बोट डाव्या हातात धरून चालत होती. उजवा हात फ्रॉकच्या खिशात होता. हाफिझाने तिला बुटक्या टेबलाशी बसवलं आणि एकेक खेळणं पुढे केलं. दोन्ही हातांशिवाय न उघडणारी डबी. दोरा आणि मोठे मणी. ताणली की आवाज करणारी रबरी नळी. जाईने डबी गुडघ्यांत धरून डाव्याने उघडली. मणी नुसते पाहिले. नळीचं एक टोक दातांत धरून दुसरं ओढलं. उजवा हात खिशातून बाहेर आलाच नाही.

हाफिझाने कागदावर खुणा केल्या, बेरीज केली, पुन्हा एकदा केली.

"सुरुवातीला चौदा गुण होते," ती म्हणाली. "आज पाच."

हाफिझाने बाजूचं पत्रक उचललं. "अंकल, हे बघितलं नसतं तर मी म्हटलं असतं की घरी काही झालंच नाही. पण इतक्या नेमाने कुणीच करत नाही. रोज दोन तास, सहा आठवडे. आणि तरी हात मागे गेला." तिने पत्रक खाली ठेवलं. "काही मुलांना ही पद्धत लागू पडत नाही. मला तसंच लिहावं लागेल."

"लिहिल्यावर पुढे काय?" प्रणिताने विचारलं.

"पुढे एका हाताने कसं निभवायचं ते शिकवू. बटण, चेन, बाटलीचं झाकण. ती हुशार आहे, शिकेल. उजव्या हाताचे तास मात्र बंद होतील. यादीत तेवीस मुलं थांबली आहेत."

"म्हणजे तो हात सोडून द्यायचा."

"सोडून नाही. त्याच्याकडून अपेक्षा ठेवायची नाही."

उद्धवराव भिंतीजवळच्या छोट्या खुर्चीवर बसले होते. खुर्ची मुलांची होती, त्यांचे गुडघे छातीशी आले होते. आपण आत्ता काही बोललो नाही, तर हे कागदावर जाईल, आणि कागदावर गेलेलं काय असतं हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. बोललो तर सौमित्र, प्रणिता... त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि रुमाल पुन्हा खिशात ठेवला.

"शेवटचं एक राहिलं," हाफिझा म्हणाली. "खाताना बघते." तिने टेबलावर वाटी ठेवली. वाटीत पपईच्या फोडी, शेजारी चमचा. वाटी मुद्दाम गुळगुळीत होती. दुसऱ्या हाताने धरली नाही तर सरकणारी.

जाईने वाटीकडे पाहिलं. चमच्याकडे पाहिलं. मग खुर्चीतल्या खुर्चीत वळून तिने आजोबांपुढे डावा हात केला. सरळ, मनगट वर करून. आणि थांबली.

"काय गं? हात पुसायचाय?" प्रणिताने टिश्यूचा खोका ओढला.

तेवढ्यावर निभावलं असतं. टिश्यू मिळाला असता, हात पुसला गेला असता, हाफिझाने खूण केली असती. पण उद्धवरावांना त्या छोट्याशा मनगटाकडे बघताना निशिकांत आठवला.

निशिकांत त्यांचा विद्यार्थी. चार महिन्यांत उजवा केलेला. उद्धवराव निवृत्त झाले त्या समारंभाला तो आला होता; चाळिशीचा, पोट सुटलेला, पतपेढीत व्यवस्थापक. दाराशी पाहुण्यांच्या वहीत सही करायला वाकला, तेव्हा पेन त्याच्या डाव्या हातात होतं. तेवढ्यात त्याला समोर सर दिसले. त्याने पेन उजव्या हातात घेतलं आणि अडखळत, पोरवयातल्या अक्षरात सही केली. वर बघून हसलाही. उद्धवरावांना त्या दिवशी अभिमान वाटला होता. एवढ्या वर्षांनी पोरगा विसरला नाही, असं ते घरी येऊन पत्नीला सांगत बसले होते.

"प्रणिता, थांब," ते म्हणाले. "टिश्यू नको तिला. ती रुमालाची वाट बघतेय."

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि टेबलावर ठेवला. त्याच्या दोन कोपऱ्यांना रोजच्या गाठीचा पीळ पडलेला होता.

"मी बांधायचो," ते इंग्रजीत म्हणाले, मग तेच प्रणिताला मराठीत. "मोजा निघू नये म्हणून."

हाफिझाने पेन हातात घेतलं.

"किती तास, अंकल?"

"सहा. कधी साडेसहा."

"कधीपासून?"

"आठव्या दिवशी चार. दहाव्यापासून सहा."

"जेवताना?"

"हो."

"ती नको म्हणायची?"

"म्हणायची."

"मग तुम्ही?"

उत्तर जाईनेच दिलं, वाटीतल्या पपईवरची नजर न काढता. "ही ऑल्वेज से लिटल बिट मोअर."

हाफिझाने तेही लिहून घेतलं. रागावली असेल तर तिने दिसू दिलं नाही. "का केलंत?"

"उजवा सुधारावा म्हणून. उजव्याने जेवेल, लिहील. मला वाटलं, तुम्हालाही तेच हवंय."

"नाही." ती आता सावकाश बोलू लागली, एकेक शब्द सुटा करून. "उजव्या हाताने लिहायचं हे आमच्या मनात कधीच नव्हतं. जाईचा मुख्य हात डावा. तो आयुष्यभर डावाच राहणार. उजवा मदतीला. डावा लिहील तेव्हा उजव्याने कागद धरायचा. डावा जेवेल तेव्हा उजव्याने वाटी धरायची. एवढंच मागत होतो आपण त्याच्याकडे. आणि तुम्ही त्याच्यावर सगळं घर चालवायला टाकलंत."

प्रणिताने तोवर जाईच्या डाव्या हातात चमचा दिला होता. जाई आजोबांकडे बघत होती. त्यांनी मान हलवल्यावरच तिने पहिली फोड उचलली.

हाफिझाने बेचाळीस ओळींचं पत्रक त्यांच्यासमोर सरकवलं. "खरे आकडे लिहून द्या. खोट्या आकड्यांवर मी मुलीचा निर्णय करू शकत नाही."

"पट्टी मिळेल का?" उद्धवरावांनी विचारलं.

पट्टी मिळाली. त्यांनी पस्तीस वेळा 'दोन' वर रेघ मारली आणि वर खरा आकडा लिहिला. पंधरा-वीस मिनिटं लागली. खाली सही केली. हाफिझाने पत्रक फाइलला लावलं आणि म्हणाली, "तीन आठवडे मोजा नाही. उजव्या हाताचं नावही काढायचं नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा बघेन. तोवर जागा राखते, त्यापुढे मला सांगता येणार नाही."

परतीच्या एमआरटी ट्रेनमध्ये जाई आजोबांशेजारी बसली, प्रणिता दाराजवळ उभी राहिली. शेजारची सीट रिकामी होती. यीशुन स्टेशन गेल्यावर प्रणिता जवळ आली, वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "सहा तास, बाबा. मी उंदरांचासुद्धा प्रयोग इतका वेळ चालवत नाही. परवानगी मिळत नाही त्याला."

उद्धवरावांनी ऐकून घेतलं.

त्या संध्याकाळी सौमित्र सगळं ऐकून उठला. त्याने आणि प्रणिताने कॅलेंडर काढलं, दुपारी घरून काम करण्याचे दिवस वाटून घेतले. मग तो वडिलांच्या दाराशी आला. "तुम्ही चिंचवडला जायचं वगैरे मनात आणू नका. पण दुपारी तुम्ही दोघंच नसाल आता."

"बरोबर आहे," उद्धवराव म्हणाले.

"एकदा तरी सांगायचंत, बाबा. मी विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट वाढल्यावर जाईने सवयीने डावं मनगट पुढे केलं. उद्धवरावांनी त्या हातात चमचा ठेवला. रात्रीही तसंच. पहिला आठवडाभर प्रत्येक जेवणाला ती मनगट पुढे करायची आणि ते चमचा द्यायचे. सौमित्र टेबलाच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसलेला असला की तेवढ्यापुरती मान खाली घालायचा. दुसऱ्या आठवड्यात मनगट पुढे येईनासं झालं, पण घास घेण्याआधी ती आजोबांकडे एकदा बघायची. हे बघणं त्यांना मनगटापेक्षा जड जाई. ते जेवायला तिच्या समोर न बसता शेजारी बसू लागले. तरी ती मान वळवून बघायची.

एकोणिसाव्या दिवशी आमटीभात होता. जाईने बसल्या बसल्या चमचा उचलला आणि जेवायला सुरुवात केली. सौमित्रला बालवाडीतल्या कुणा दारियसचं काहीतरी सांगत होती, तोंडात घास असताना. आजोबांकडे पाहिलं नाही. चार-पाच घासांनी उजवी मूठ मांडीखालून निघून टेबलाच्या कडेवर येऊन बसली. तिने काही केलं नाही, नुसती होती. उद्धवरावांना ती कडेच्या नजरेने दिसली. त्यांनी मान वळवली नाही. आमटी आणखी घेतली.

मंगळवारी हाफिझाने तीच खेळणी मांडली. डबी, मणी, नळी, शेवटी पपई. वाटी सरकली तेव्हा उजवी मूठ येऊन तिला टेकली, घसरली, पुन्हा टेकली. बेरीज तेरा आली. सहा आठवडे आणि वर तीन, आणि हात सुरुवातीला होता त्याहून एका गुणाने मागे.

"सुरुवात केली होती तिथे जवळपास आलो," हाफिझा म्हणाली. "जागा राहील. पण आता मोजा नाही. दोन्ही हातांचे खेळ, एका वेळी पाऊण तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही." तिने नवं पत्रक काढलं. उद्धवरावांचा हात आपसूक पुढे झाला. हाफिझाने पत्रक प्रणिताच्या हातात दिलं.

उद्धवरावांनी हात मागे घेतला आणि जाईच्या चपलांचा पट्टा लावायला वाकले.

पहिल्या दिवशीचा खेळ प्रणिताने घेतला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कणकेचा गोळा, एका हाताने धरायचा, दुसऱ्याने तोडायचा. उद्धवराव हॉलमध्ये पेपर वाचत बसले. आतून हसण्याचा आवाज आला, मग थोडी कुरकूर, मग नळाचं पाणी. प्रणिता बाहेर आली ती पत्रक आणि पेन घेऊन. दोन्ही त्यांच्यापुढे तिपाईवर ठेवलं.

"अक्षर तुमचंच बरं आहे," ती म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता. "मी सांगते, तुम्ही लिहा."

त्यांनी तारीख घातली, वार घातला. खेळाचं नाव लिहिलं.

"वेळ?"

"सत्तावीस मिनिटं. मग नको म्हणाली."

उद्धवरावांचं पेन कागदावर टेकून थांबलं. पाऊण तास सांगितला होता. अठरा मिनिटं राहिली होती.

"तेवढंच लिहा, बाबा."

त्यांनी लिहिलं, सत्तावीस. आणि पत्रक तिला वाचता यावं म्हणून तिच्याकडे फिरवलं.